कोळशाची टोपी

ताजिमी
रविवार, २९ नोव्हेंबर १९९८

आदरणीय शिगेनो साहेब,

नमस्कार. यंदा थंडी लवकर आली. गेल्या आठवड्यातच मी वळचणीला मुळे वाळत घातले. दरवर्षी आई सांगायची कधी घालायचे ते, आता मलाच आठवण ठेवावी लागते. तिला जाऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील.

तुमचं पत्र आणि चेस्टनटच्या मिठाईचा डबा, दोन्ही वेळेवर पोचले. मिठाई आईच्या फोटोपुढे ठेवली आणि मग दोन वड्या मी खाल्ल्या. बाकीच्या कारखान्यात वाटल्या. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे वाचून बरं वाटलं. त्यांना जिना चढू देऊ नका, बाकी त्या ऐकणार नाहीतच.

कंपनीच्या पन्नास वर्षांच्या इतिहासग्रंथात तुमच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचा मसुदा तुम्ही तपासायला पाठवलात. तारखा बरोबर आहेत का ते बघा, आणि जुनी प्रयोगवही अजून असली तर ती कचेरीत न देता थेट माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवा, असं लिहिलंत. उत्तराला पाच आठवडे लागले, त्याबद्दल माफी असावी. मी इतका उशीर कधी करत नाही हे तुम्हाला माहीत आहे. कारण पुढे येईलच.

मसुदा मी तीनदा वाचला. तारखा बरोबर आहेत. १९७९ साली गॅसगळतीचा इशारा देणाऱ्या यंत्राचं काम सुरू झालं, १९८० च्या एप्रिलमध्ये नागोयाच्या मुख्य कार्यालयाने ते बंद करायला सांगितलं, आणि तरी तुम्ही ते चालू ठेवलंत, हेही खरं. त्या दिवशी आम्ही दोघं तोंड पाडून बसलो होतो, तेव्हा तुम्ही दारातूनच म्हणालात, "वरून बंद म्हणाले म्हणजे कागदावर बंद. तुम्ही काय कागदावर काम करता?" ते वाक्य मसुद्यात नाही. ते घालायला हवं होतं, चांगलं होतं.

हल्लीच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, की तेव्हा असंच चालायचं. कंपनीतली निम्मी नवी उत्पादनं म्हणे अशीच जन्माला आली. वरचे बंद म्हणायचे, खालचे लपून करत राहायचे आणि मधला साहेब दोन्हीकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. काम फसलं तर ते कधी झालंच नाही, आणि जमलं तर साहेबाने ते नीट गुंडाळून वर न्यायचं. या पद्धतीवर आमचा विश्वास होता, कारण आमचा तुमच्यावर होता. जुन्या भट्टीमागे, विटांच्या चळतीआड आमचं टेबल होतं. संध्याकाळी साडेपाचची घंटा झाली की आम्ही तिकडे जायचो.

आम्ही म्हणजे ओगिसो आणि मी. मसुद्यात "सहकारी" असा एक शब्द आहे, तो आम्हा दोघांचा मिळून असावा.

आता मसुद्यातल्या पान चारबद्दल. यंत्रातला मोहरीएवढा तो मणी गॅस ओळखायचा, पण साके गरम करायला ठेवली की तिच्या वाफेनेही ओरडायचा. कामगारांच्या घरी आपण दहा यंत्रं लावली होती, आठवतं? एका आठवड्यात सगळ्यांच्या बायकांनी ती परत पाठवली. एकीने चिठ्ठी लिहिली होती, की माझा नवरा पितो हे शेजाऱ्यांना सांगायला मला यंत्राची गरज नाही. यावर उपाय तुम्हाला "एका पहाटे, डोंगरातल्या कोळशाच्या भट्ट्यांजवळून फिरत असताना सुचला" असं मसुदा म्हणतो.

साहेब, तो कोळसा माझ्या डब्याचा होता. माझ्या डब्यात रोज खारवलेला मुळा असायचा. त्याचा वास मण्यांना लागू नये म्हणून मी खणात कोळशाची पूड मलमलीत बांधून ठेवायची. एक दिवस घाईत मणीच त्या पुरचुंडीत गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी ओगिसोंनी न बघता तो तसाच तपासायला घेतला. साकेची वाफ दिली, यंत्र गप्प. ते म्हणाले, मेला हा मणी, आणि टोपलीत टाकायला निघाले. मी म्हटलं, थांबा, गॅस देऊन तरी बघा. गॅस दिला आणि यंत्र असं काही ओरडलं की आम्ही दोघांनी त्याच्यावर उशी दाबली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मग हसू आवरेना. पूड किती बारीक हवी, थर किती जाड हवा, ते शोधायला ओगिसोंना तिथून पुढे तीन महिने आणि एकशे चाळीस टोप्या लागल्या. मण्यावरच्या त्या झाकणाला आम्ही टोपीच म्हणायचो.

हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, पुरचुंडीचा वास घेतलात आणि म्हणालात, "मुळ्याचा पगार वाढवायला पाहिजे."

उजाडल्यापासून लिहिते आहे, हात गार पडलेत. उरलेलं मंगळवारी लिहीन. उद्या मला एका कामासाठी पोस्टात जायचं आहे.

मंगळवार, १ डिसेंबर

काम झालं. आता सरळ लिहिता येईल.

ऑक्टोबरमध्ये इतिहासग्रंथाच्या खोलीतून मला बोलावणं आलं. जुन्या फोटोंमधली माणसं ओळखून द्यायची होती. तिथे एक तरुण मुलगी काम करते, फार नेटकी आहे. तिने १९८१ सालचं खोकं माझ्यापुढे उघडलं आणि ती चहा आणायला गेली. फोटोंच्या खाली बदलीच्या प्रस्तावांची फाइल होती. बघायला नको होती. मी बघितली.

ओगिसोंच्या बदलीचा कागद वरून दुसराच होता. सह्यांच्या जागी पाच शिक्के. वरचे चार नागोयाचे. सगळ्यांत खाली, प्रस्ताव मांडणाऱ्याच्या चौकटीत तुमचा, नेहमीसारखा डावीकडे किंचित झुकलेला, वरिष्ठांना नमस्कार केल्यासारखा. कारण तुमच्या अक्षरात होतं: "विभागप्रमुखास व मुख्य कार्यालयास अंधारात ठेवून परस्पर प्रयोग केले." विभागप्रमुख तुम्हीच. तारीख २४ नोव्हेंबर.

त्याआधी काय काय झालं ते तुमच्याइतकंच मला माहीत आहे. १८ तारखेला नागोयाचे संचालक पाहणीला आले होते. आम्ही टोपीवालं एक यंत्र भटारखान्यात शेल्फवर, चहाच्या डब्यांमागे लपवून ठेवलं होतं, आपलं चाचणीला. नेमकी त्याच दिवशी भटारखान्यातली गॅसची नळी फुटली. पाहुणे जेवायला बसतात न बसतात तोच यंत्र ओरडायला लागलं. आचाऱ्याने खिडक्या उघडल्या, नळ बंद केला, आणि ऐंशी माणसं अंगणात उभी राहिली, जिवंत. मग संचालकांनी विचारलं की हे यंत्र कुठून आलं, कारण आपण तर हे काम दीड वर्षापूर्वी बंद केलंय.

त्यांना ते यंत्र हवं होतं. पण हुकूम मोडला गेला होता, तोही त्यांच्या डोळ्यांदेखत. तेव्हा कोणीतरी दोषी हवा होता. हे मला समजतं. कंपनीला शोध ठेवून घ्यायचा होता आणि शिस्तही. दोन्हीची सांगड घालायला एक माणूस खर्ची पडायला हवा होता. तो तुम्ही होऊ शकला असतात. हुकूम तुम्हाला आला होता.

२२ तारखेला रविवार होता. त्या दिवशी मी आणि ओगिसो तुमच्या घरी आलो होतो.

हे मी इतकी वर्षं कोणाकडे बोलले नाही, म्हणून लिहायलाही जड जातंय. आम्ही मिठाई घेऊन आलो होतो. आमच्या लग्नात तुम्ही दोघांनी मध्यस्थ म्हणून बसावं, ही विनंती करायला. वहिनींना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे पंचांग काढलं आणि एप्रिलमधला दिवस शोधला. तुम्ही ओगिसोंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "आता तुम्ही दोघं माझी जबाबदारी."

मधे एक दिवस गेला. सोमवार, तोही सुट्टीचा. मंगळवारी तुम्ही त्या कागदावर शिक्का मारलात.

बुधवारी मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला ओसाकाला पाठवलंत. परत आले तेव्हा ओगिसोंचं टेबल रिकामं होतं. तुम्ही मला बाजूला घेतलंत, स्वतःच्या हाताने चहा ओतलात आणि सांगितलंत, की पार उत्तरेला, कुशिरोला त्यांचे वडील आजारी आहेत, तिथल्या डेपोत बदली त्यांनीच मागून घेतली. मी म्हटलं, मला काहीच बोलले नाहीत. तुम्ही म्हणालात, "तुला तोंड दाखवायचा धीर झाला नाही त्याला. अशा माणसापासून वेळेवर सुटलीस असं समज."

मी तसंच समजले. सतरा वर्षं. एक पत्रही लिहिलं नाही मी त्यांना. मी मानी होते. आईला सांगितलं की माझंच मन बदललं. तुम्ही नंतर दोन स्थळं आणलीत, ती मी नाकारली, तेव्हा वहिनी रडल्या होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालते. तेवढं तरी मला धरून चालू द्या.

त्या कागदानंतर पाच आठवडे मी काय करत होते, तर धीर गोळा करत होते. गेल्या आठवड्यात जोडून सुट्टी आली तशी कुशिरोला गेले. कंपनीच्या डेपोतून फोन नंबर मिळाला होता, पण फोन केला नाही. तिथे बर्फ पडलेला होता. ओगिसो आता गॅसच्या एका छोट्या विक्रेत्याकडे आहेत, बंदराजवळ. बारा वर्षांपूर्वी कंपनी सोडली. केस पांढरे झालेत, हात तसेच आहेत. लग्न झालंय, बायको मासळीबाजारात काम करते, एक मुलगी शाळेत जाते. मला बघून ते दारात उभेच राहिले, आणि मग पहिलं वाक्य म्हणाले, "आत या, गॅसची शेगडी चालू आहे."

काम काय करतात माहीत आहे? ही यंत्रं पाच वर्षांनी बदलावी लागतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. कुशिरोच्या घराघरांत जाऊन जुनी काढून नवी बसवायची, ते काम ओगिसो करतात. स्वतःच केलेल्या टोप्या स्वतःच बदलत हिंडतात. एका दिवसात पंधरा घरं. त्या दिवशी दोन घरं उरली होती, म्हणाले, चला बरोबर, गाडीत बोलू.

पहिल्या घरात एक आजीबाई होत्या, पायाने अधू. ओगिसोंनी जुनं यंत्र काढलं, आणि त्या आजी मला म्हणाल्या, की हा दर वेळी तीच गोष्ट सांगतो, साकेच्या वाफेला हे का ओरडत नाही ती. ताजिमीच्या एका बाईंनी शोधलंय म्हणे, डब्यातल्या मुळ्यामुळे.

साहेब, मी त्या स्वयंपाकघरात खाली मान घालून उभी राहिले. ओगिसो पाठमोरे स्क्रू पिळत होते.

गाडीत मी विचारलं, असे का निघून गेलात. त्यांनी गाडी बाजूला घेतली. तुम्ही त्यांना बोलावून जे सांगितलंत ते त्यांनी मला सांगितलं, अगदी शांतपणे. दोष कोणावर तरी जाणार, तुझ्यावर गेला तर काम वाचेल. मुकाट्याने गेलास तर त्या कामात दुसरं कोण होतं हे नागोयावाले विचारणार नाहीत. मिझुतानीची, म्हणजे माझी, नोकरी राहील, तिच्या जिवावर आई आहे. पत्रं लिहू नकोस, चौकशी चालू आहे, पत्र सापडलं तर तिचंही नाव निघेल.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "शिगेनो साहेब तुम्हाला सगळं समजावून सांगतो म्हणाले होते. सांगितलं नाही त्यांनी?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी वायपरने काचेवरचा बर्फ सारला. ते म्हणाले, वर्षभर वाट बघितली पत्राची. मग वाटलं, बरंच झालं, तिने दुसरं काही बघितलं असेल. त्यांचे वडील त्या वर्षी ठणठणीत होते. अजून आहेत, होडी रंगवतात.

आता माझं सांगते. ते राहिलं तर या पत्राला अर्थ नाही.

१९८२ च्या फेब्रुवारीत, पेटंटच्या अर्जासाठी, तुम्ही मला प्रयोगवहीची स्वच्छ प्रत करायला सांगितलीत. म्हणालात, "ज्याने काम अर्ध्यावर टाकलं त्याचं नाव ठेवायचं की नाही ते तू बघ. मी काही बोलणार नाही." तुम्ही खरंच काही बोलला नाहीत. मीच केलं ते. शहाऐंशी पानं. जिथे जिथे ओगिसो होतं तिथे "विभागप्रमुख" लिहिलं. रागाने लिहिलं, आणि लिहिताना बरं वाटलं. माझं नाव तर मूळ वहीतही फारसं नव्हतं, प्रतीत घालायचं मला सुचलंही नाही. पेटंट तुमच्या एकट्याच्या नावावर निघालं, त्यावर तुम्ही संचालक झालात, आणि मी समारंभात टाळ्या वाजवल्या. मूळ वही जाळून टाक असं तुम्ही सांगितलं होतंत. जाळली असं मी तुम्हाला सांगितलं. तुमच्याशी मी बोललेलं ते एकच खोटं. तुम्हाला ते कधीच पटलं नसावं, नाहीतर आज ती घरच्या पत्त्यावर मागितली नसती.

हे सगळं मी ओगिसोंना त्या गाडीत सांगितलं. मला वाटलं होतं, खाली उतरा म्हणतील. त्यांनी विचारलं, "अक्षर तुमचंच होतं ना?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मग निदान चांगल्या अक्षरात गेलो." आणि पुन्हा गाडी चालू केली, कारण दुसऱ्या घरी वेळ दिली होती.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही. स्टेशनवर सोडताना मी म्हटलं, मूळ वही माझ्याकडे आहे, ती मी पुढे आणणार. त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, त्यांना स्वतःसाठी काही नको, पण त्यांच्या मुलीला वाटतं की बाबा गोष्टी रचून सांगतो. एवढंच.

साहेब, काल सकाळी मी मूळ वही रजिस्टर पोस्टाने पाठवली. तुमच्या पत्त्यावर नाही, इतिहासग्रंथाच्या खोलीत, त्या नेटक्या मुलीच्या नावाने. सोबत चार पानी निवेदन आहे, माझ्या शिक्क्यासह. त्यात कोळसा कुठला, टोपी कोणाची, विटांच्या आड टेबल कोणी सांभाळलं, तिन्ही गोष्टी लिहिल्यात. तुमचा वाटाही लिहिलाय, पुरता. तुम्ही त्या टेबलापुढे उभे राहिला नसतात तर ते यंत्र झालंच नसतं. आणि शहाऐंशी पानं कोणी बदलली तेही लिहिलंय. त्याबद्दल कंपनी मला काय करेल ते करो. बदलीच्या कागदाचा उल्लेख केलेला नाही. तो त्यांच्याच खोक्यात आहे, दुसऱ्या क्रमांकावर.

छापतील की नाही ठाऊक नाही. अशा ग्रंथांत अशी पानं सहसा छापली जात नाहीत. एक झेरॉक्स मात्र मी कुशिरोला पाठवली आहे, एका शाळकरी मुलीच्या नावाने.

तुमचा राग येतो का, असं मी स्वतःला विचारून बघितलं. सतरा वर्षं मी एका माणसाचा राग केला. मनापासून केला, त्यात कसर ठेवली नाही. तो माणूस चुकीचा निघाला. आता तेवढाच राग नव्याने करायला माझ्याजवळ तेवढी वर्षं नाहीत. पण तुम्ही ओतलेला तो चहा मी दोन्ही हातांनी घेतला होता आणि वाकून तुमचे आभार मानले होते, हे मला रोज आठवतं. ते आभार मला परत हवेत. ते तुम्ही कसे परत करणार, मला माहीत नाही.

काल पोस्टातून परत येताना कचेरीत कळलं, की एप्रिलच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात मंचावर तुम्हाला फुलं द्यायला माझं नाव घातलंय. तुम्हीच सुचवलंत म्हणे. मी ते खोडून घेतलं आहे. समारंभाला मी येणार आहे आणि पहिल्या रांगेत बसणार आहे. तुम्ही बोलायला उभे राहाल तेव्हा मी तुमच्याकडेच बघत असेन. फुलं दुसऱ्या कोणाच्या हातून घ्या.

मिझुतानी हिसाए